कुमुदमावशींच्या कोर्टातली तारीख

कुमुदमावशींविरुद्धच्या तक्रारीवर माझीही सही होती. गेल्या महिन्यात त्या गेल्याचा फोन आला. पलीकडचा माणूस म्हणत होता, फार सचोटीच्या न्यायाधीश होत्या... आणि माझ्या डोळ्यांपुढे ती सहीच येत होती.

ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यात त्यांचं घर आमच्या शेजारी. आईची मैत्रीण, म्हणून मावशी. ग्वाल्हेरजवळच्या एका तहसिलीत त्या दिवाणी न्यायाधीश होत्या आणि मी तिथेच एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली शिकत होतो. तिथे पुढची तारीख पेशकार, म्हणजे कोर्टाचा कारकून द्यायचा, आपल्या टेबलाशी, हळू आवाजात. त्याचा हात ओला केला की हवी तशी तारीख मिळे. मावशींनी ते बंद केलं. दोन्ही पक्षांना समोर उभं करून त्या विचारत, "इस दिन आ पाओगे? कटाई तो नहीं है?" मग कापणीचे दिवस टाळून तारीख स्वतः मोठ्याने सांगत. साक्षीदार आला असेल, तर साक्ष त्याच दिवशी होई. असं दुसरं कोर्ट मी आजवर पाहिलेलं नाही.

वकील मात्र बिथरले. आमचे साहेब मला म्हणाले, "तारीखें ही न बढ़ें तो हम खाएँगे क्या, पंडित?" तक्रार झाली, की बाई वकिलांशी उर्मटपणे वागतात; मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने मला विचारलं, "आप तो इन्हें बचपन से जानते हैं?" साहेब शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "जी, मिज़ाज ही ऐसा है." घरच्यासारख्या माणसाचं ते वाक्य पुरलं. मावशींची लांब बदली झाली.

तेव्हा रामकली नावाच्या विधवेचा दावा निकालावर आला होता. तिच्या दुकानात आमचा अशील भाडेकरू ठाण मांडून बसला होता. नव्या न्यायाधीशांपुढे युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून, तारखा पुन्हा पेशकाराच्या. अखेर दुकान मिळालं, तेव्हा ते चालवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

निवृत्तीनंतर मावशी कंपूत परतल्या. अबोला कधीच धरला नाही. "या वकीलसाहेब, आज कुणाची केस लटकवून आलात?" म्हणत पोहे पुढे करायच्या. शेवटच्या आजारपणात मी कसाबसा विषय काढला.

"मावशी, तेव्हा माझं चुकलं."

"माहीत आहे रे. तुझा जबाब वाचला होता मी." त्या उशीला टेकून हसल्या. "माझं काय, बदलीच्या गावीही कोर्टच होतं. तिथेही तारखा मीच सांगितल्या. त्या रामकलीकडे गेलास का?"

"नाही, मावशी."

"मग अपील चुकीच्या कोर्टात केलंस."

तेरावं झाल्यावर मी गेलो. रामकली आता ग्वाल्हेरातच, माधवगंजात मुलीकडे असते. तिने मला ओळखलं नाही. मावशी वारल्याचं सांगितलं, तशी म्हणाली, "वे जज साहब? वे तो हमसे पूछ के तारीख देत हतीं... बैठो भैया."

मला बसवेना. हात जोडून उभ्या उभ्याच म्हणालो, "अम्मा, आपका फ़ैसला होने वाला था. उनको मैंने हटवाया, झूठ बोल के. माफ़ी माँगने आया हूँ... बहुत देर से आया हूँ."