वूफरची जागा

नल्लकुंट्याच्या आमच्या घरात दार नीट लागणारी खोली एकच, दहा बाय दहाची. तिथं वडिलांची खाट होती आणि तिथंच मला नवे स्पीकर हवे होते. “छोटे कमरे में बड़ा वूफर नक्को, साब,” दुकानदार सांगत होता. मी मोठाच उचलला.

वूफरची, म्हणजे बेस घुमवणाऱ्या त्या स्पीकरची, जागा शोधायची एक रीत आहे. आपण ऐकायला बसतो त्या खुर्चीवर तो ठेवायचा, गाणं लावायचं आणि खोलीभर रांगायचं. जिथं बेस स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा. मी रांगायला लागलो तसं वडिलांनी खाटेवरून विचारलं, “काय हरवलं रे?” मी रांगतच राहिलो. बहिऱ्याला ओरडून कोण सांगणार?

बेस खाटेखालीच सगळ्यांत छान लागला. मी तेव्हाच वडिलांना उठवून खाट बाल्कनीत टाकली. वडील आपली उशी स्वतः घेऊन मागोमाग आले.

“आता बरं वाजतं का?”

“तुम्हाला काय करायचंय? ऐकू तरी येतं का?” मी खेकसलो.

“गाणं नाही येत,” ते म्हणाले. “पण ‘म्हातारा अजून किती दिवस काढणार’ असं तू भावाला फोनवर विचारतोस ना, ते येतं.”