व्हर्लीनची आभारपत्रं

कुणी काही दिलं की तीन दिवसांत हातानं लिहिलेलं आभाराचं कार्ड टपालात पडलं पाहिजे, हा व्हर्लीन स्टुकीचा धर्म होता. मी एकदा तिला खोकल्याची गोळी दिली होती. त्याचंही कार्ड आलं, रीतसर तिकीट लावून. मी तिच्यापासून वीस पावलांवर बसायचो.

अमेरिकेतल्या डेटन शहरात आमच्या कारखान्यात आम्ही अकरा माणसं. अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणींची भिंगं घासायचो, ती फौजेत जायची. व्हर्लीन पुढच्या टेबलावर बसून फोन, टपाल आणि सरकारी फॉर्म सांभाळायची. मालक लोवेल कँप. भला माणूस, पण कुणाला नाही म्हणायचं तर त्याच्या जिवावर यायचं. भल्या माणसांचा मला याच कारणासाठी संताप येतो.

त्या वर्षी सरकारी कंत्राट लांबलं आणि ख्रिसमसपर्यंत कारखाना तग धरेल की नाही, अशी वेळ आली. तेवढ्यात विल्मिंग्टन शहरातल्या कुठल्याशा गुंतवणूक फंडाचा हॅरिंग्टन नावाचा गोडबोल्या उगवला. निम्मी कंपनी विकत घेणार, एकाही माणसाला काढणार नाही. अट एकच: त्यांचा एक इंजिनीअर आमच्या भिंगांचे गुप्त नकाशे ठेवलेल्या खोलीत बसणार. लोवेलला हासुद्धा चांगुलपणाच वाटला. महिनाअखेरीस सह्या ठरल्या.

हॅरिंग्टननं पेअर फळांची टोपली पाठवली. आम्ही पेअर खाल्ले, व्हर्लीननं कार्ड लिहिलं. आठवड्यानं ते परत आलं. वर पिवळी चिठ्ठी: असा पत्ता नाही. आपलंच अक्षर बिघडलं असेल म्हणून तिनं ठळक अक्षरात दुसरं लिहिलं. तेही परत. दुसरं कुणी ईमेल करून मोकळं झालं असतं. व्हर्लीननं विल्मिंग्टनजवळ राहणाऱ्या बहिणीला फोन केला आणि कार्ड तिच्याकडे पाठवून हातोहात द्यायला सांगितलं.

सह्यांच्या आदल्या दिवशी व्हर्लीन लोवेलच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, ऐकू यावं म्हणून मी यंत्र बंद केलं.

"लोवेल, ते ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे ना?"

"हो. का गं?"

"इमारतीला एकच मजला आहे. त्यात लाँड्री आहे. बहीण स्वतः जाऊन आली."

"अगं, जागा बदलली असेल. एक कार्ड पोचलं नाही म्हणून मी सगळ्यांना घरी बसवू?"

"सरकारी फॉर्ममध्ये विचारलंय, पैसा कुठल्या देशातून येतोय. काय लिहू? लाँड्री?"

"सध्या 'अमेरिका' लिही ना. मग बघू."

"खाली सही माझी असते, लोवेल. ज्याला साधे आभार घ्यायला पत्ता नाही, त्याला तू नकाशांची किल्ली देतोयस."

लोवेलनं टेबलावरची रिकामी टोपली बाजूला सारली. मग त्यानं कंत्राट बघणाऱ्या सरकारी माणसाला फोन लावला. त्याआधी हॅरिंग्टनला फोन करून 'माफ करा, जमणार नाही' म्हणाला. आयुष्यातलं पहिलं 'नाही', तेही माफी मागून. मला त्याचा अभिमान वाटला.

महिन्याभरानं सरकारकडून कळलं की त्या पैशाचं दुसरं टोक परदेशातल्या एका शस्त्रांच्या कारखान्यात होतं. शाबासकी मिळाली. कंत्राट मात्र लांबलेलंच राहिलं, आणि लोवेलला चार माणसं कमी करायची वेळ आली. यादी टाइप करायचं काम व्हर्लीनचं. पहिलं नाव तिनं स्वतःचं घातलं.

"हे मी तुला सांगितलं नव्हतं," लोवेल म्हणाला.

"सांगायला तुझी जीभ रेटली नसती. बाकी तिघांना लहान पोरं आहेत, त्यांना निदान पत्रं नीट लिही."

शेवटच्या दिवशी तिनं टेबल पुसलं, कोट चढवला आणि गेली. लोवेल खोलीचं दार लावून रडला. पातळ भिंतीतून सगळ्यांना ऐकू आलं.

सोमवारी टपालात लोवेलच्या नावानं तिचं कार्ड आलं. आत लिहिलं होतं, 'बावीस वर्षांच्या कामाबद्दल आभार.' शुक्रवारी टाकलेलं, सोमवारी पोचलं. पत्ता बरोबर होता.