मामांची मोटरसायकल कुठे ठेवायची

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर एकाही माणसावर, यंत्रावर किंवा भाजीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. आणि दुसऱ्या भेटीत तर मुळीच नाही, कारण पहिल्या भेटीत सगळं सरळ होतं तर हा परत कशाला आला, असा त्यांचा सवाल असतो. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जन्म कलकत्त्यातला, शाळा-कॉलेज कलकत्त्यातलं, सगळी नोकरी गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत आणि तीही दक्षता खात्यात. म्हणजे संशय घेण्याबद्दल सरकारने त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार दिला. खात्यानेच त्यांना असं करून ठेवलं, असं मी एकदा मामींना म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "छे हो. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे अंतरपाटाखालून माझे पाय बघत होते. दाखवली तीच मुलगी आहे ना म्हणून."

बँकेने माझी कलकत्त्याला बदली केली तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या भवानीपूरच्या घरी गेलो. दार साखळीएवढंच उघडलं आणि फटीतून एक डोळा आणि अर्धी मिशी दिसली. मी नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं. "ते ठीक आहे," आतून आवाज आला, "पण घर कसं सापडलं?" मी म्हटलं, पत्त्यावरून. "पत्ता कोणी दिला?" "तुम्हीच, फोनवर." "अस्सं," मामा म्हणाले, आणि इतकी बेफिकिरी आपल्या हातून कशी झाली याचं वाईट वाटल्यासारखी साखळी काढली. नंतर त्यांनी मला इतकं प्रेमाने जेवू घातलं की मला दोन तास खुर्चीतून उठवेना. फक्त निघताना विचारलं, "बँकेने तुम्हालाच का पाठवलं? दुसरं कोणी नव्हतं?"

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं हे एक शिक्षणच आहे. इलिश घ्यायची तर आधी कल्ले उघडून बघणार, मग वास घेणार, मग शेजारच्या मासेवाल्याला विचारणार की याचा मासा कसा आहे. तो म्हणाला चांगला आहे, की मामा माझ्या कानाशी येऊन, "दोघं मिळालेले आहेत." इतकं होऊन मासा त्याच माणसाकडून घेतात, आणि वर्षानुवर्षं त्याच्याचकडून घेत आले आहेत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "याची लबाडी मला पाठ आहे. नव्या माणसाची शिकायला आता वेळ कुठला?"

या सगळ्या संशयी संसारात त्यांची खरी माया होती ती एका मोटरसायकलवर. काळी, जाडजूड, चालू झाली की शेजाऱ्यांच्या कपाटातल्या बशा थरथरतील अशी. ऐन उमेदीत ते तिच्यावरून रोज गार्डन रीचला जात. निवृत्तीनंतर ती जिन्याखालच्या बोळात उभी राहिली आणि तिच्यावर दोन आच्छादनं आली. आतलं चांगलं, जाड, शिवून घेतलेलं. वरचं फाटकं, मळकं, मुद्दाम तसं ठेवलेलं. चोराला वाटावं, खाली भंगार आहे. शिवाय स्पार्क प्लग काढून तो तांदळाच्या डब्यात. मामींनी एकदा तांदळाबरोबर तोही धुऊन कुकरात टाकला होता, तेव्हापासून त्या तांदूळ घेताना हात खोल घालून चाचपतात. दर रविवारी मामा प्लग बसवत, गाडी पुसत, किका मारमारून चालू करत, पाच-दहा मिनिटं तिच्याशेजारी हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि परत बंद करून झाकून टाकत. दसऱ्याला तिला झेंडूचा हार आणि विश्वकर्मा पूजेला जास्वंदीचा. नक्की कोणता देव लक्ष ठेवून आहे याची खात्री नको का? पण तिच्यावर बसून लांब कुठे गेलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. विचारलं, तर कधी पेट्रोलमध्ये भेसळ असे, कधी पोलीस नवे असत, कधी ढग "विचित्र" असत.

गेल्या हिवाळ्यात घरमालकाने घर प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, द्यायचं ठरवलं. जुनं पाडायचं, नवी इमारत उठवायची, भाडेकरूंना तिच्यात जागा मिळायची. तोवर प्रत्येकाने आपापली सोय बघायची. मामामामींसाठी जवळच तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट सापडला. तिथे सगळं होतं. फक्त जिन्याखाली बोळ नव्हता. रस्त्यावर गाडी ठेवायची सूचना मी केली तेव्हा मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू प्रमोटरने मला किती दिले असावेत याचा ते अंदाज घेत होते.

घरात बैठक बसली. मामी म्हणाल्या, विकून टाका. मामांची बंगळूरला असलेली मुलगी फोनवर होती. तिचं सगळं बालपण बंगालीत गेलेलं, त्यामुळे तिच्या मराठीत स्त्रीलिंग-पुल्लिंग एकमेकांच्या घरी मुक्कामाला असतात. "बाबा, तुझी डोकं खराब झाली का? तो बाईक तू चालवतच नाहीस! विकून टाक ना!" मामा म्हणाले, विकायला माझी ना नाही. योग्य माणूस आणा.

योग्य माणूस! पहिला आला तो सॉल्ट लेकला कुठल्याशा संगणक कंपनीत होता. त्याने मामांनी सांगितलेली किंमत ऐकली आणि घासाघीस न करता हो म्हणाला. तो गेल्यावर मामा म्हणाले, "भाव न करणारं गिऱ्हाईक? कलकत्त्यात? याला गाडी चोरीच्या कामाला हवी आहे." दुसऱ्याने भाव केला, तर ज्याला गाडीची कदर नाही त्याला द्यायची कशाला? तिसरा हातमोजे घालून आला होता, एवढंच मामांना पुरलं. चौथा मात्र चिकाटीचा निघाला. चालवून बघायची म्हणाला. मामा म्हणाले, जरूर, आणि त्याच्यामागे जाऊन बसले. दोघं गेले ते बराच वेळ परत येईनात. शेवटी मी हाजरा मोडच्या चौकापर्यंत बघायला गेलो, तर मामा फुटपाथला गाडी लावून तिच्यावर एकटेच बसलेले. "तो कुठे आहे?" मी विचारलं. "उतरला आणि बसने गेला," मामा म्हणाले. "मी फक्त एवढंच विचारलं, की क्लच दाबताना तुम्ही माझ्यापासून काय लपवता आहात."

एव्हाना मलाच मामांचा संशय येऊ लागला होता. जो माणूस विकायचं म्हणतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक पळवून लावतो, त्याच्या मनात काही वेगळंच असलं पाहिजे. बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "तूही आता तसाच बोलायला लागलायस. परवा दूधवाल्याला काय विचारत होतास?"

तेवढ्यात बराकपूरचे घोषबाबू मदतीला आले. हे मामांचे गार्डन रीचचे जुने सहकारी. पत्नी गेल्यापासून नदीकाठच्या घरात एकटेच राहतात. त्यांनी निरोप पाठवला, की आमच्या बंद व्हरांड्यात मोटरसायकल हवी तितके दिवस ठेवा, भाडं नको. "फुकट?" मामांच्या भुवया वर गेल्या. "मग बघायलाच हवं." सियालदहहून लोकल धरून आम्ही दोघं बराकपूरला गेलो. मामांनी व्हरांड्याचं कुलूप उघडून बघितलं, बंद करून ओढून बघितलं, छपराकडे बघितलं, नदीचा दमटपणा कुठवर येतो ते भिंतीला हात लावून बघितलं. घोषबाबू लुंगी सावरत मागेमागे चहाचा कप घेऊन फिरत होते. शेवटी मामांनी सरळ विचारलं, "घोष, फुकट कशासाठी?"

घोषबाबू हसले. त्यांचं हिंदी-बंगाली मिश्रण मला कळलं ते असं: गाडी इथे असली, की दर रविवारी तू तिला बघायला येणार. तेवढं भाडं मला पुरे.

परतीच्या गाडीत मामांनी आधी खिडकीजवळचा बाक हात फिरवून तपासला. मग म्हणाले, "लबाड आहे. त्याला गाडी नकोच आहे. माणूस हवा आहे." पण हे बोलताना त्यांची मिशी खालून हलत होती, आणि सियालदह येईपर्यंत ती हलतच होती.

गाडी न्यायची कशी हा प्रश्न उरला. टेम्पोत घालायची तर वाटेत ड्रायव्हर पार्ट बदलणार. म्हणून मामांनी स्वतः चालवत न्यायची आणि मी मागे बसायचं ठरलं. माझं काम, कोणी पाठलाग करतंय का ते बघणं. एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. मामी दारात उभ्या होत्या. त्या मामांना काही म्हणाल्या नाहीत, मला म्हणाल्या, "तुम्हाला चालवता येते ना हो?" मी म्हटलं, कॉलेजात चालवायचो. "बरं," त्या म्हणाल्या.

श्यामबाजारपर्यंत ठीक गेलं. बी.टी. रोडला लागल्यावर मात्र मला काही तरी चमत्कारिक वाटायला लागलं. मामा गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला नेत होते, अगदी कडेला, मग एकदम दचकून आत घेत होते. एका बसच्या कंडक्टरने पत्र्यावर थापा मारून आम्हाला हाकललं. सोदपूरच्या अलीकडे डावीकडच्या गल्लीतून एक टोटो, म्हणजे ती बॅटरीवरची रिक्षा, अगदी रीतसर भोंगा वाजवत बाहेर आली. मी तिला केव्हाचा बघत होतो. मामांनी बघितलंच नाही. मी "मामा!" म्हणून ओरडलो, ब्रेक लागला, टोटोचा पत्रा हँडलला घासून गेला. टोटोवाला, "काकू, देखे चालान!" असं ओरडला, म्हणजे काका, बघून चालवा; बंगालीत काकाला काकू म्हणतात. एरवी मामांनी त्याचं लायसन, टोटोची मालकी आणि गल्लीत शिरण्यामागचा हेतू विचारला असता. ते काहीच बोलले नाहीत. गाडी पायांनी ढकलत बाजूच्या चहाच्या दुकानाशी नेली आणि बाकावर बसले.

मातीच्या भांड्यातला चहा निवून गेला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"डाव्या बाजूचं दिसत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल. आधी वाटलं चष्म्याचा नंबर. मग वाटलं, सगळे मुद्दामच डावीकडून येतात."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर काय म्हणेल ते मला माहीत आहे. गाडी बंद म्हणेल." त्यांनी किल्ली माझ्यासमोर धरली. आजवर ते मला जावई म्हणून अहो-जाहो करत आले होते. "तू चालव. आणि घरी हिला सांगू नकोस."

मी चालवली. त्या गाडीचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होते, त्यामुळे गिअर टाकायला गेलो की गाडी थांबे, आणि थांबवायला गेलो की ती भलत्याच गिअरमध्ये ओरडे. मामा मागून एक शब्द बोलले नाहीत. त्या चौथ्या गिऱ्हाइकाला जे भाग्य लाभलं नाही ते मला लाभलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मला मामा बोलायला हवे होते. घोषबाबूंच्या व्हरांड्यात गाडी लावली, दोन्ही आच्छादनं घातली, स्पार्क प्लग काढायला मामा वाकले आणि मग तसेच उठले. "राहू दे," म्हणाले.

मी मामींना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तीन दिवस ते पाळलंही. मग नव्या फ्लॅटवर गेलो असताना मामींनी जेवायला वाढलं. मामा हात धुवायला गेले होते. मामी त्यांच्या पानासमोर पाण्याचं भांडं ठेवत होत्या, डाव्या हाताला नाही, बरोबर समोर. माझी नजर तिथे अडकलेली पाहून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डावीकडे ठेवलं की लवंडतं. गेल्या गणपतीपासून. मग मी समोर ठेवायला लागले. चटणीही इकडे उजवीकडे घेतली. यांना कळलेलं नाही."

"मामी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर डॉक्टर, मी आणि तुम्ही, तिघं मिळालेले आहोत म्हणाले असते." त्यांनी पदराने भांड्याची कड पुसली. "गाडी जाऊ दे, मग बोलू म्हटलं. गाडी असेपर्यंत ते कबूल करणार नव्हते."

मामा आले, पानावर बसले, भांड्याकडे पाहिलं, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं दक्षता खात्यात काढलेला माणूस. चटणी उजवीकडे का, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे हा कट बराच जुना आहे," आणि वरणभात कालवायला लागले. जेवण झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर कोण आहे तुमचा?"

डॉक्टर तीन झाले. पहिला फारच आत्मविश्वासाने बोलत होता, दुसऱ्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं जरा जास्तच होती. तिघांनीही काचबिंदूच सांगितला, आणि तिघांचं एकमत झालं म्हणून मामा आठवडाभर अस्वस्थ होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवता येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामी रोज संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालतात. मामा आधी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचून घेतात.

रविवारी मात्र आम्ही बराकपूरला जात राहिलो. घोषबाबूंकडे लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी खायची, मग मी गाडी काढायची, मामा मागे बसणार आणि आम्ही नदीकाठच्या रस्त्याने एक फेरी मारून येणार. मागे बसल्यावर त्यांचं मौन गेलं होतं. समोरून येणारी प्रत्येक सायकल, कडेला उभी असलेली प्रत्येक म्हातारी, सगळ्यांविषयी त्यांना काही तरी शंका होती, आणि ती ते माझ्या कानात ओरडून सांगत.

या महिन्यात माझा बदलीचा हुकूम आला. नागपूर. मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी हुकुमाचा कागद मागून घेतला आणि मागची बाजूही तपासली. "कोणी करवली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, मामा, नियमाप्रमाणे होते. "तू अर्ज केला होतास?" मी नाही म्हटलं. त्यांनी ते दोनदा विचारलं.

काल शेवटचा रविवार होता. लुची झाल्या, घोषबाबू फाटकापर्यंत आले, आम्ही निघालो. नदीवर ऊन होतं. पलीकडच्या काठाला जाणारी होडी भरत होती, रस्त्यात दोन बकऱ्या बसल्या होत्या, एक माणूस कारण नसताना झाडाला टेकून उभा होता. इतका ऐवज, आणि मागून एकही शंका आली नाही. मला काळजी वाटली.

"मामा, बरं आहे ना?"

"हं," ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "काही नाही रे. डोळे मिटून बसलोय."

मी गाडी आणखी हळू केली. घोषबाबूंच्या घराकडे वळायचा रस्ता आला. मी वळलो नाही.