रज्जाकभाईंच्या खिशातला काठ

रज्जाकभाई पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या दुरुस्तीला कुणाच्याही घरी आले की आधी प्यायला पाणी मागत, आणि तेही मशीनचं नाही, बोअरचं. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ताई, याच्यात तुरीची डाळ शिजणार नाही." क्षार मोजायचं यंत्र पिशवीत असे, पण ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "मला जीभ पुरते," म्हणायचे.

मूळचे ते पहूरचे. उमेदीची वर्षं हातपंप दुरुस्त करण्यात गेली. नव्वदच्या दशकाअखेरीस जळगावात घरोघरी आरओ मशीन लागायला सुरुवात झाली, तेव्हा पन्नाशीत हे काम शिकले. माझ्या सासूबाईंना, अक्कांना, मुतखडा झाला म्हणून आम्हीही मशीन घेतलं. ते बसवताना रज्जाकभाईंनी अक्कांना समोर बसवून घेतलं. "हा दोऱ्याचा फिल्टर गाळ धरतो, हा कोळसा वास ओढतो. शेवटी ही बारीक जाळी. पंप पाणी दाबतो, गोडं पार होतं, खारं मागे राहतं. ते या नळीने बाहेर." अक्का मान डोलवत होत्या.

दिवाळीनंतर मशीनचं पाणी खारट लागायला लागलं आणि धार करंगळीएवढी झाली. मी शाळामास्तरीण, चूक दिसली की लाल पेन्सिल हातात आलीच. रज्जाकभाई कामाला होते त्या दुकानात फोन लावला आणि मालकाला चांगलं झापलं. ते म्हणाले, "इतक्यात जाळी गेली म्हणजे बसवण्यातच खोट. तसं निघालं तर रज्जाकला काढूनच टाकतो." मला तेव्हा ते योग्यच वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

रज्जाकभाई आले. बोअरचं पाणी प्याले, मग मशीनचं, आणि त्यांचा चेहरा उतरला. जाळी काढली तर तिच्यावर पांढरा थर, बंबाच्या तळाला चढतो तसा. मग ते मशीनच्या मागे वाकले. काहीतरी सोडवून त्यांनी खिशात टाकलं आणि दारात तांदूळ निवडत बसलेल्या अक्कांकडे एकदा बघितलं.

"ताई, चूक माझीच. दुकानात तसंच कळवा."

मी फोनकडे वळले, तोच अक्का ताट बाजूला सारून उठल्या. त्या चाळीसगावकडच्या एका खेड्यातल्या. लहानपणी कोसभरावरून पाणी आणलेलं.

"रज्जाकना काही दोस नही," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "नळी मीच बांधेल शे. बठ्ठं पाणी मोरीमा जाये, मना जीव तुटे."

तेव्हा कुठे रज्जाकभाईंनी खिशातून हिरवी चिंधी काढली. अक्कांच्या जुन्या लुगड्याचा काठ. तो नळीला असा आवळला होता की थेंब बाहेर जाणार नाही.

रज्जाकभाई हसायला लागले. "अक्का, तुमचं खोटं नाही, सगळं पाणी मोरीत जाताना बघवत नाही. पण खारं आत कोंडलं की जाळी बुजते." त्यांनी नळीखाली बादली ठेवली. "हिच्यातल्या पाण्याने फरशी पुसा, भांडी विसळा. फक्त नळी मोकळी राहू द्या." मी त्यांच्यासमोरच दुकानात फोन केला आणि चूक आमची आहे असं सांगितलं. लाल पेन्सिल स्वतःवर चालवायची सवय नव्हती, दोनदा अडखळले.

त्यानंतर ते फिल्टर बदलायला आले की काळा झालेला जुना फिल्टर घरभर फिरवून दाखवत. "बघून घ्या, हे तुमच्या पोटात जाणार होतं." अक्का त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायला घातल्याशिवाय सोडत नसत. ती चिंधी तेवढी त्यांनी परत दिली नाही.

पुढे त्यांनी धुळ्यात स्वतःचं दुकान टाकलं. अक्का गेल्यानंतरच्या वर्षी मी तिथे गेले. रज्जाकभाई एका नव्या गिऱ्हाइकाला मशीन समजावत होते. मागे खिळ्याला तो हिरवा काठ टांगलेला.

"आधी हे बघा," ते गिऱ्हाइकाला सांगत होते. "नळी बांधायची नाही. एका घरी मी हे सांगायला विसरलो होतो. चूक माझी होती."

मी पायरीवरच उभी होते. त्यांनी मला बघितलं, हसले आणि आत हाक दिली, "जळगावच्या ताई आल्यात, पाणी आणा. मशीनचं."