बर्फावरचा बैल

निलंग्याहून लातूरला येताना एसटीत शेजारच्या काकांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यांची लेक मनालीत बर्फावरून घसरायला शिकत होती आणि तीन फोटो पाठवून पायाखालची फळी, म्हणजे स्नोबोर्ड, निवडायचं काम तिनं बापावर टाकलं होतं.

“हा लई पळतो, हा उड्या मारतो, अन् हा तिसरा समद्या डोंगराला चालतो म्हणं.” बाजारात बैल पारखावा तसा काकांनी तिसरा फोटो खालीवर न्याहाळला. “हाच घ्यावा. शर्यतीचा बैल औताला चालत न्हाई.”

मी मान डोलावली. काकांनी मात्र त्या फोटोवरून पुन्हा बोट फिरवलं. “पण गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल घरी आणून सोडतो बघा. ह्याला घरची वाट कुठं ठाव?”

मग त्यांनी लेकीला फोन लावला. “तिसरा घे, पोरी. अन् पोळ्याला त्याला घेऊनच ये. ओवाळून घरात घेऊ, म्हंजे वाट ठाव होईल त्याला.”