झिजोबा किती दिवसांचा?

“पोट आणखी वाढवू गो?” सुमनबायनं विचारलं. तिच्या अंगठ्याखाली ओली माती दबत होती.

“वाढवा. माणसांचं मांस खातो तो,” ताई म्हणाली. “उजव्या हातात कंगवा द्या.”

“कंगवो? देवाक?”

“केस काढून नेतो.”

सुमनबायनं ताईच्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं. मग कंगवा केला, एकेक दात कोरून.

झिजोबा कुठल्याच गावाचा देव नाही. ताई मुलांसाठी कादंबरी लिहिते. त्या कादंबरीतल्या बेटांच्या राज्यात तो होडीतून येतो आणि ज्या घरात शिरतो तिथली माणसं झिजत जातात. शेवटचं प्रकरण तिला सुचत नव्हतं. कर्करोगावरचे उपचारही तिनं निम्म्यावर सोडले होते. पणजीला सलाइन लावायची पुढची तारीख याच आठवड्यात होती. जाणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. “मला झिजोबा मातीत बघायचाय,” म्हणाली, तेव्हा मी कारण न विचारता डिचोलीच्या सुमनबायकडे जायला गाडी काढली.

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, डिचोली. रस्ता बरा आहे. खाणीचे ट्रक दिसले की काच वर करा. डिचोलीच्या बाजारात पातळ भाजीबरोबर उंडो, म्हणजे कडक पाठीचा गोल पाव, मिळतो. ताईनं अर्धा खाल्ला.

“किती दिसांचो?” मूर्ती झाल्यावर हात धुताना सुमनबायनं विचारलं. चवथीला गणपती करणारी बाई. प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारते. “दीड, पाच, सात?”

“माझ्या गोष्टीत तो जातच नाही. भट्टीत भाजून द्या. टेबलावर ठेवीन.”

“भाजलो तर मागीर पाण्यात विरघळूचो नाय. असलो सोयरो घरात कोण ठेवता गो?”

आतून सुमनबायचा नवरा हसला. “देवाक हाकलतली ही एकटीच!”

ताईनं मूर्तीच्या पोटावर बोट टेकवलं. “कच्चाच राहू दे,” म्हणाली. “उद्या नेते.”

मुक्काम डिचोलीतच केला. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळलेला, पण बुडाशी अजून ओलसर झिजोबा सीटवर शेजारी ठेवून ती गाडीत बसली. पेडण्यावरून केरी. तेरेखोलची फेरीबोट पाणी उतरलं की थांबते. निघण्याआधी विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

धक्क्यावर फेरीवाला बिडी ओढत होता. “बाये, चवथ कधीच झाली. हो कोण?”

“पाहुणा. पोचवायला आलेय.”

“मगे आत्ताच सोड. भरती लागली की परत हाडतली, काठार आणून टाकतली.”

ताई खालच्या पायरीवर बसली आणि त्याला पाण्यात धरून राहिली. आधी कंगवा गेला. पोटाला वेळ लागला. मग तिनं रिकामे तळवे मला दाखवले आणि भूक लागल्याचं सांगितलं.

पाणी भरल्यावर पलीकडे गेलो आणि रेडी, शिरोड्यावरून घरी आलो. दोन दिवसांत ही सहल आरामात होते. बरोबर झिजोबा नसला तरी करा. आजार गेला असं मी म्हणत नाही. माती गेली. टेबलावर त्याच्यासाठी केलेली जागा मोकळी आहे, आणि गाडीच्या सीटवर एक गोल डाग आहे. तो मी पुसलेला नाही.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या आधी उठली होती. रुमाल बांधून, रिपोर्टांची पिशवी घेऊन ती दारात उभी होती. मी गाडी काढली आणि आम्ही पणजीला गेलो.