बांगडीवाले चाचा आणि त्यांचा दमा

श्वास सोनई गावात सगळेच घेत. पण तो सवडीनं आणि कौतुकानं घेणारा माणूस एकच होता, आमच्या शेजारचे बांगडीवाले चाचा. एकोणीसशे चाळीसच्या सुमारास मी तिथं शाळामास्तर होतो. चाचांना जुना दमा. ‘बांगडीऽ’ ही आरोळी नंतर यायची, छातीतली शीळ आधी. तेवढ्यावर बायका ओसरीत येऊन बसत. दम लागला हे मात्र ते कबूल करीत नसत. रस्त्यात थांबायची वेळ आली की शेताकडं वळून म्हणत, “काय ज्वारी हाय, मास्तर!” चैत्रातल्या उघड्या ढेकळांकडंही ते तितक्याच प्रेमानं बघत. शीळ बारीक असली तर “आज चिमणी बसलीय,” म्हणायचे, जड असली तर “पारवे आल्यात.”

एका दुपारी आमच्या ओसरीवर, माझ्या बायकोला बांगड्या भरता भरता, त्यांचा श्वास अडकला. मी पंखा आणला, पाणी आणलं, आरडाओरडा केला. गल्ली गोळा झाली. कुणी तळवे घासू लागलं, एका म्हातारीनं तर रडायलाच सुरुवात केली. चाचांचे डोळे एकेका तोंडावरून फिरत होते आणि दर तोंडागणिक श्वास आखूड होत होता.

अठरा वर्षांची माझी बायको उठली. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. “तुम्हीसुद्धा,” मला म्हणाली. मग समोर बसून तिनं हात पुढं केला. “चाचा, घाई नाही. राहिलेल्या बांगड्या सावकाश भरा.”

ती पाथर्डीकडची. माहेरच्या डोंगरावर थंडीत उतरणारं धुकं, त्यात हरवलेल्या शेळ्या, नुसत्या ऐकू येणाऱ्या त्यांच्या घंटा, असं काहीबाही हळू आवाजात सांगत राहिली. मी खिडकीतून बघत होतो. तिचे खांदे संथ वर-खाली होत होते. चाचांचे मागून, चुकत-माकत, तिच्या लयीत येत होते. ऊन भिंतीवरून खाली सरकलं, तेव्हा शेवटची बांगडी चढली.

“दम्याला मी भीत न्हाई, मास्तर,” चाचा नंतर म्हणाले. “पर तुमचं त्वांड बघितलं आन् वाटलं, मेलोच आपण!”

पुढं माझी राहुरीला बदली झाली. दोनेक वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं. बायको निवडायचं सूप बाजूला ठेवून उंबऱ्यावर जाऊन बसली. तिचा श्वास जड झालेला मला दिसला. मी धावत जाऊन विचारलं, “काय होतंय? पाणी आणू?”

“काही नको,” ती म्हणाली. “बसा नुसते.”

मी बसलो. बराच वेळ आम्ही दोघं सवडीनं श्वास घेत राहिलो.